डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर

इंदूर-भोपाळ रस्त्यावर सोनकच्छच्या आसपास कधी कधी दिगंबर जैन मुनी आणि पांढऱ्या साडीतल्या आर्यिका कडेकडेने चालताना दिसतात. एका हातात मोरपिसांची पिच्छी, दुसऱ्यात कमंडलू, पाय अनवाणी. बरेचसे जवळच्या पुष्पगिरी तीर्थाकडे निघालेले असतात. देवासहून सोनकच्छला मोटारीने यायला तासभरही लागत नाही, पण वाहनात बसायचं नाही हे त्यांचं व्रत आहे. पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहायचं आणि उरलेले आठ महिने चालायचं, अशी ही विहाराची रीत आहे.

याच देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नेमावर आहे. तिथे सिद्धनाथाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि समोरच्या काठावर हंडिया. नर्मदेचं नाभिस्थान म्हणून नेमावरची ओळख. परकम्मेला निघालेले लोक इथे उत्तर काठाने पूर्वेकडे, अमरकंटकच्या दिशेने जात असतात आणि नर्मदा त्यांच्या उजव्या हाताला असते. ती सदैव उजव्या हातालाच ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही. उगमापाशी तिला वळसा घालायचा, मुखापाशी नावेतून समुद्राच्या पाण्यावरून पलीकडे जायचं. नदीची लांबी 1,312 किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून अडीच हजारांहून जास्त. सगळे नियम पाळून केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत मराठी वाचकाने ही वाट पुस्तकांतून कितीदा तरी चालली आहे.

पायी चालणं हा धर्म असू शकतो, हे या मुलखात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तरीही एक प्रश्न इथेच, देवासमध्येच, फार जोरकसपणे गायला गेला. कुमार गंधर्व 1948 साली क्षयाने आजारी अवस्थेत देवासला आले आणि 1992 साली जाईपर्यंत इथलेच झाले. त्यांनी गायलेल्या कबीराच्या निर्गुणी भजनांचा रोखच असा की, ज्याला शोधायला निघालास तो तुझ्या आतच बसला आहे. मग नद्यांना, डोंगरांना फेऱ्या घालून काय मिळणार? आपल्या संतांनीही हे वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं आहे. पाय झिजले तर मन झिजतंच असं नाही. प्रश्न खरा आहे आणि श्रद्धेच्या नावाखाली तो टाळू नये.

त्याच्यावर विचार करायला जपानमधलं शिकोकू बेट फार चांगलं आहे.

जपानच्या चार मुख्य बेटांतलं हे सगळ्यात लहान, क्षेत्रफळ सुमारे 18,800 चौरस किलोमीटर. मधोमध दाट जंगलांचे डोंगर आणि कडेने समुद्र. या काठाने 88 देवळांची एक वाट जाते, सुमारे 1,200 किलोमीटरची. चालत साधारण चाळीस ते पन्नास दिवस लागतात. पहिलं देऊळ रियोझेनजी बेटाच्या ईशान्येला, नारुतो शहरात. तिथून दक्षिणेला मुरोतोचं भूशिर, मग पश्चिमेला आशिझुरी, मग उत्तरेला मात्सुयामा आणि शेवटी पूर्वेकडे वळून अठ्ठ्याऐंशीवं ओकुबोजी. नकाशावर बोट फिरवलं की लगेच ध्यानात येतं, ही प्रदक्षिणा आहे. डोंगर उजवीकडे, समुद्र डावीकडे. फेरी पुरी झाली की पुष्कळ जण पुन्हा पहिल्या देवळापर्यंत जातात, वर्तुळाची दोन टोकं जुळावीत म्हणून.

ही वाट कूकाई या भिक्षूच्या नावाची. जन्म 774 सालचा, याच बेटावर, जिथे आता पंचाहत्तरावं देऊळ झेन्त्सूजी आहे तिथला. 804 साली ते समुद्र ओलांडून चीनला गेले, चांगआन नगरीत हुइगुओ या आचार्यांचे शिष्य झाले आणि 806 साली मंत्रयानाची दीक्षा घेऊन परतले. त्यांनी स्थापन केलेला पंथ म्हणजे शिंगोन, अर्थात ‘सत्य वचन’, मंत्र. 835 साली ते गेले असं इतिहास सांगतो. भाविक मात्र म्हणतात की ते कोयासान पर्वतावर अजून समाधीत बसले आहेत. मरणोत्तर मिळालेल्या कोबो दाइशी या नावानेच लोक त्यांना ओळखतात.

यात्रेकरूला तिकडे हेन्रो म्हणतात. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गवताची टोपी, हातात काठी. पांढरा रंग प्रेताच्या वस्त्राचा. वाटेत मरण आलं तर तेच कफन, आणि काठी म्हणजे थडग्यावरची खूण. ही नुसती कल्पना नव्हती. जुन्या काळी महारोगी आणि घरातून हाकललेले लोक मरेपर्यंत या वाटेवर फिरत राहत, आणि त्यांची थडगी आजही रानातल्या पायवाटेला दिसतात. टोपीवर चार अक्षरं लिहिलेली असतात. त्यांचा उच्चार ‘दोग्यो निनिन’ आणि अर्थ ‘सोबत चालणारे दोघे’. दुसरा कोण? दाइशी. काठी म्हणजेच दाइशी, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं.

वर्तुळाच्या मध्यभागी काय आहे, हा पुढचा प्रश्न. देवळात प्रदक्षिणा घालताना मधे गाभारा असतो आणि परकम्मेत मधे मैया वाहत असते. शिकोकूत मधे फक्त डोंगर आहेत, आणि या वाटेचा देव त्यांत राहत नाही. ज्याच्यासाठी चालायचं तो दुसऱ्याच बेटावर कोयासानला बसलेला आणि त्याच वेळी हातातल्या काठीत. म्हणजे गाभारा यात्रेकरूच्या बरोबरीने, त्याच्याच चालीने चालतो आहे. कबीराच्या प्रश्नाला याहून जवळचं उत्तर एखाद्या यात्रेने क्वचितच दिलं असेल. तो जवळच आहे हे हेन्रोलाही मान्य आहे. पण जवळ असलेल्याची सोबत कळायलाही कधी कधी हजार किलोमीटर लागतात.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. कुमारजींना ही निर्गुणी भजनं फिरत्या नाथपंथी जोग्यांकडून मिळाली. दारोदार भिक्षा मागत, गात जाणारे ते लोक. यात्रेची निरर्थकता सांगणारं गाणं देवासपर्यंत पायीच आलं, आणि कुणीतरी झोळीत पीठ घातलं म्हणून टिकलं.

झोळीत पीठ घालणं, हाच शिकोकूचा खरा गाभा. तिकडे त्याला ओसेत्ताई म्हणतात. वाटेवरची एखादी आजी दोन संत्री पुढे करते, दुकानदार चहा देतो, कुणी नाणी हातावर ठेवतो, कुणी रात्रीपुरती पडवी मोकळी करून देतो. आणि नियम असा की नाही म्हणायचं नाही. देणाऱ्याच्या मनात ते दाइशींनाच पोचत असतं, त्यामुळे नकार म्हणजे देणाऱ्याचं पुण्य अडवणं. घेणाऱ्याने आपल्या नावाची कागदी पट्टी द्यायची. पहिल्या फेऱ्यांची पट्टी पांढरी, शंभर फेऱ्या झालेल्याची किनखापी. नाकात्सुका मोहेई नावाच्या माणसाने 280 फेऱ्या केल्या आणि वाटेवर दिशा दाखवणारे शेकडो दगड रोवले. 1922 साली तो गेला. त्याचे दगड अजून रस्ता दाखवतात.

नर्मदाकाठचं सदावर्त मराठी माणसाला ठाऊक आहे. ‘नर्मदे हर’ अशी हाक घालायची आणि जे मिळेल ते घ्यायचं. घरी चार माणसांना जेवू घालणारा सुखवस्तू गृहस्थ तिथे अनोळखी ओसरीवर उभा राहतो, आणि अवघड पडतं ते नेमकं हेच. देणं सोपं असतं, देताना हात वर असतो. घेताना तो खाली येतो. कोरडा शिधा कुणाला आणि शिजलेलं अन्न कुणाला, यामागे जातीचा जुना हिशेब होता, तो विसरता येत नाही. शिकोकूतही सगळा काळ हातात संत्री घेऊन उभा नव्हता. तोसा संस्थानाने गरीब यात्रेकरूंवर कडक बंधनं घातली होती, आणि पुढे मेइजी काळात पोलीस भीक मागणाऱ्या हेन्रोंना हुसकून लावत. दान जिथे असतं तिथेच दारं लावून घेण्याचाही इतिहास असतो.

या यात्रेची मूळ कथाच लावून घेतलेल्या दाराची आहे. एमोन साबुरो नावाचा एक धनाढ्य होता. त्याच्या दारी एक भिक्षू पुन्हा पुन्हा येत राहिला, तेव्हा साबुरोने चिडून त्याचं भिक्षापात्र फोडलं. त्याचे आठ तुकडे झाले. मग साबुरोची आठ मुलं एकामागोमाग एक गेली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते हे उमगल्यावर साबुरो क्षमा मागायला त्यांच्या मागे निघाला. बेटाला वीस फेऱ्या घातल्या, भेट झाली नाही. एकविसावी त्याने उलट्या दिशेने घातली आणि बाराव्या देवळाच्या, शोसानजीच्या चढावर कोसळला. तिथे दाइशी भेटले. मरताना त्याच्या हातात त्यांनी एक खडा ठेवला. पुढे इयो प्रांताच्या सरदाराच्या घरी मूठ घट्ट मिटलेलं मूल जन्माला आलं आणि मूठ उघडली तेव्हा आत तोच खडा होता. मात्सुयामातल्या एकावन्नाव्या देवळाचं नाव इशितेजी, म्हणजे ‘दगड-हाताचं देऊळ’.

आठ निरपराध मुलांचं काय, हा प्रश्न कथा ऐकताना टोचतो आणि टोचायलाच हवा. करुणेच्या देवतांच्या गोष्टींत मुलांचा बळी इतक्या सहज का जावा, याचं समाधानकारक उत्तर परंपरेकडे नाही. पण कथेने एक मोठं धाडस केलं आहे. त्या वाटेवरचा पहिला यात्रेकरू तिने पुण्यवान दाखवला नाही. घ्यायला आलेल्याला ज्याने हाकललं, त्यालाच तिने आयुष्यभर घेणाऱ्यांच्या वाटेवर चालायला लावलं.

मराठी प्रवाशाला या बेटावर एक वेगळाच ओळखीचा धक्का बसतो. शिंगोन देवळांत, थडग्यांवरच्या लाकडी फळ्यांवर काही अक्षरं दिसतात. ती चिनी नव्हेत. ती सिद्धम् लिपी, गुप्तकाळातल्या ब्राह्मीची लेक आणि नागरीची नातलग. ती टिकवली शिंगोनसारख्या पंथांनी. चांगआनमध्ये कूकाई प्राज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले होते. शिंगोनमध्ये ‘अ’ या एका अक्षराकडे पाहत ध्यानाला बसायची पद्धत आहे. लिपीचं हे नाव पडलं ते मुळाक्षरांच्या तक्त्याच्या माथ्यावर ‘सिद्धम्’ लिहायच्या रिवाजावरून. आणि मराठीत एखाद्या कामाचा ‘ओनामा’ केला असं आपण म्हणतो, तो शब्दही ‘ॐ नमः सिद्धम्’ यावरूनच आला. पाटीवरचं पहिलं अक्षर गिरवताना आपली पोरं जे म्हणत, त्याचाच अर्धा भाग तिकडे मृतांच्या फळीवर लिपीचं नाव होऊन बसला आहे. देवळात होणारा ‘गोमा’ हा अग्निविधी म्हणजे आपला होम. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती.

या देवाणघेवाणीत माळव्याचा वाटाही आहे, आणि तो दुःखाचा आहे. सोनकच्छपासून फार लांब नसलेल्या उज्जैनचा परमार्थ नावाचा भिक्षू 546 साली समुद्रमार्गे चीनला पोचला. तिथल्या राजाने बोलावलं खरं, पण लवकरच बंड उसळलं आणि परमार्थ वर्षानुवर्षं गावोगाव भटकत ग्रंथांची भाषांतरं करत राहिला. घरी परतण्यासाठी तो जहाजात बसलाही होता, पण वाऱ्याने जहाज पुन्हा चीनच्या किनाऱ्याला आणून टाकलं. खचून जाऊन त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. शिष्यांनी थोपवलं. 569 साली तो तिकडेच गेला. वसुबंधूच्या अभिधर्मकोशासारखे ग्रंथ पूर्व आशियाला ओळखीचे झाले त्यात त्याचा हात आहे. त्याची यात्रा कधीच वर्तुळ झाली नाही.

मग श्रद्धा नसलेल्याने, दुसऱ्या धर्माच्याने या वाटेवर जावं का? देवासकडे याचंही एक उदाहरण आहे. 1921 साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून आले. तिथली गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली. गुलाल, गोंधळ, भजनं, सगळं त्यांना समजलं असं नाही, आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही. ते वैष्णव झाले नाहीत. पण उत्सवात पाहुणा म्हणून उभं राहायचं, आणि जे दिलं जातं ते नम्रपणे घ्यायचं, एवढं त्यांना जमलं. शिकोकूवर जाणाऱ्याकडून कुणी याहून जास्त मागत नाही. ओसेत्ताई देणारी बाई तुमचा धर्म विचारत नाही.

तयारी साधीच. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दिवस चांगले. भर उन्हाळ्याची दमट हवा आणि वादळं टाळावीत. ओसाकाकडून पुलांवरून बस थेट बेटावरच्या तोकुशिमाला येते. बहुतेक जपानी यात्रेकरू आता बसने किंवा मोटारीने फिरतात, त्यात कमीपणा नाही. पण ज्याला शक्य आहे त्याने निदान पहिल्या देवळापासून बाराव्यापर्यंत चालावं, कारण शोसानजीच्या चढाशिवाय साबुरो कळत नाही. गावं ओस पडत चालली आहेत, तरुण शहरांकडे गेले आहेत, आणि संत्री घेऊन थांबणारे हात म्हातारे होत आहेत. जायचं असेल तर ते हात आहेत तोवर जावं.

वाटेवर एक नियम कानावर पडतो. पुलावरून जाताना काठी टेकायची नाही, उचलून धरायची. ओझू गावात एका रात्री दाइशींना कुणी आसरा दिला नाही, म्हणून ते पुलाखाली थंडीत झोपले. तेव्हापासून बेटावरच्या कुठल्याही पुलाखाली ते झोपलेले असू शकतात. ओझूच्या पुलावरून आता वाहनं जातात. खाली दाइशींची आडवी मूर्ती आहे, आणि येणारे लोक तिच्या अंगावर रजया पांघरून जातात.