जागर आणि नीज

आपण वारकरी जागराचे अभिमानी. एकादशीची रात्र टाळमृदंगाच्या गजरात जागवावी हे आपले व्रतच. निद्रेला संतांनीही पुष्कळ दोष दिला आहे. मग कोणी शंका घेईल की, महाराज, झोपेची थोरवी गाणे हे संप्रदायाला धरून कसे?

समाधान असे. संतांनी निषेध केला तो आळसाचा, विश्रांतीचा नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति झोपणारा आणि अति जागणारा, दोघांनाही योगाला अपात्र ठरविले आहे. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. घराचा एक खांब काढला तर आढे किती दिवस टिकेल? आजचे वैद्यकही सांगते की, प्रौढ माणसाला रोज निदान 7 तास झोप पाहिजे. ती नित्य तुटत गेली तर रक्तदाब व मधुमेह यांचे भय वाढते, चित्त चिडके होते, स्मरण ढळते. मग नामात मन ठरावे कसे?

प्रत्यक्ष देवाचेच पाहा ना! आषाढीच्या आधी पंढरीत देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, दर्शन अहोरात्र. लेकरांसाठी देव जागतो. परंतु यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात, आणि पलंग पुन्हा मांडला जातो. म्हणजे जागर नैमित्तिक, नीज नित्य, हे वर्म जाणावे.

आता माझा अपराध सांगतो. शहापूर तालुक्यात एका गावी वैशाखात कीर्तनाला उभा होतो. पुढे एक म्हातारी माउली पेंगत होती. मी बोट दाखवून म्हणालो, "पाहा, कुंभकर्ण कीर्तनाला आला!" सभा हसली. तीही बिचारी ओशाळून हसली. मागून यजमान म्हणाले, "महाराज, आजी दोन रात्री विहिरीवर होती. झरा वाटी-वाटीने भरतो, नंबर लागेपर्यंत बाया तिथंच बसतात." ज्या तालुक्यातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते, तेथल्या माउलीने एका हंड्यासाठी रात्र काढावी! सकाळी मी तिच्या पायांवर डोके ठेवले. तेव्हापासून पेंगणाऱ्याला टोकत नाही, आणि कीर्तनही रात्री दहाच्या आत आवरतो.

आपणही विचार करावा. आसनगावहून पहाटेची गाडी धरणारा मुलगा, मुरबाडच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा निजलेला जावई, यांच्या उशाशी भोंगा वाजवू नये. दिंडीच्या गाडीचा चालक रात्रभर भजनाला बसवून पहाटे माळशेज घाटात धाडू नये. विहिरीवरून आलेल्या सुनेला दुपारी घटकाभर पडू द्यावे. त्या वेळी चूल आपण पाहिली तर काय बिघडले? दुसऱ्याची झोप राखणे हीही सेवाच. आणि गावाने जागायचेच असेल तर ग्रामसभेत पाण्यासाठी जागावे.

आपल्यापुरते म्हणाल तर जेवण लवकर, मोबाइल दूर, आणि हरिपाठ आटोपला की विठ्ठल आठवीत पाठ टेकावी. एकादशीला अवश्य जागावे. द्वादशीला पारणे फिटल्यावर विसावा घ्यावा. नीट निजलेलाच काकड्याला ताजा उठतो.

रामकृष्णहरि!