शब्द हरला तेथे

सज्जनहो, शब्दाची मजल किती, याचा आज थोडा विचार करू. आम्ही दिवसभर बोलतो. पण बोललेले पोचते किती? पायात काटा मोडला तरी माणूस 'दुःख'च म्हणतो, आणि पोटचे पोर गेलेली आईही 'दुःख'च म्हणते. शब्द एकच! मग त्या माउलीचे दुःख शब्दात आले कुठे? बरे, शब्द सोडून विचाराकडे जावे, तर मनाचा तपास मनानेच करायचा. चोरानेच चोरीचा पंचनामा करावा तसे. 'मी कोण?' म्हटले तर जे नाव सांगतो, तेही बारशाला दुसऱ्यांनीच ठेवलेले. म्हणून कोणी म्हणतात, बोलणे फोल, विचार फोल, जगणेही फोल.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रीज्ञानेश्वर माउलींनी अमृतानुभवाच्या १० प्रकरणांपैकी ६ वे शब्दखंडनालाच दिले आहे. शब्दाला आधी आरसा म्हणून गौरविले. मग विचारले, जो स्वतःच प्रकाश, त्याला आरसा कशाला? आणि अविद्या मुळात नाहीच, तर शब्दाने मारावे कोणाला? पुढे ७ व्यात अज्ञान आणि ८ व्यात ज्ञानही उरू दिले नाही. निराशावादी याहून पुढे काय जाणार? पण शब्द हरला की तो म्हणतो, वस्तूच नाही. माउली म्हणतात, वस्तू इतकी उघड आहे की शब्दाला कामच उरले नाही. पंढरीत उभा असलेल्याला मैलाचा दगड काय सांगणार?

मग नामाचे काय? तेही शब्दच ना! वारकऱ्याने हा प्रश्न टाळू नये. आम्हांस असे वाटते की इतर शब्द काही सांगायला जातात, म्हणून हरतात. नाम काही सांगत नाही, हाक मारते. तान्हे 'आई' म्हणते तेव्हा आईची व्याख्या थोडीच करते?

नामाने गेलेले पोर परत येत नाही, हे खरेच. म्हणून अशा घरी गेलात तर वेदान्त सांगू नका. जवळ बसा, टाळही वाजवू नका. ओठांत नाम असू द्या. त्या घरी सांगण्यासारखे काही नसते, पण हाक मारता येते.

ज्या माउलींनी शब्द खोडला, त्यांचाच हरिपाठ आपण रोज सायंकाळी म्हणतो. हे विसरू नये, इतकेच मागणे. रामकृष्णहरि!