सुधारलेला स्टोव्ह

बँकेत चिकटलो त्या पहिल्याच आठवड्यात निवृत्तीला टेकलेल्या एका कॅशियरसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे बघा, पैसा कधी नाहीसा होत नसतो. एका खात्यातून गेला म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तो असतोच. आपण फक्त ते खातं शोधायचं." बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका कप चहात शिरलं. तेव्हापासून माझी दृष्टीच बदलली. लग्नात छत्री हरवली तरी मी हळहळत नाही. ती कुणाच्या खात्यात जमा झाली असेल याचा शोध घेतो.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत याच सवयीने मला गोत्यात आणलं.

झालं काय, माळ्यावरून स्टोव्ह निघाला. पितळी, तीन पायांचा, पोटाला पंप असलेला, काळवंडलेला. आमच्या चिरंजीवांनी तो लांबूनच पाहिला आणि हा फुटेल का, असं विचारलं. सौ.ने त्याचा टेबललॅम्प करायची कल्पना मांडली. स्टोव्हबरोबर एक गंजका डबाही निघाला. त्यात पिना होत्या, कातडी वायसर होता, आणि पेपरात गुंडाळलेला, भोकाभोकांची टोपी घातलेला एक बर्नर होता. जवळजवळ कोरा.

"हा बिनआवाजाचा बर्नर ना गं?" मी आईला विचारलं. ती खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "टाकून दे तो." एवढंच बोलून ती पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

ज्यांचं बालपण गॅसवर शिजलं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८९२ साली स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या एका कारागिराने 'प्रायमस' हा स्टोव्ह बनवला. त्याआधीही रॉकेलचे स्टोव्ह होतेच, पण ते वातीचे. वात म्हटली की काजळी आली, आणि काजळी म्हटली की भांडी घासणारी आली. लिंडक्विस्टने वातच काढून टाकली. पंप मारून टाकीत हवा कोंबायची, त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोराने सुटते, हवेत मिसळते आणि निळी, बिनकाजळीची ज्योत मिळते. बर्नर आधी तापवावा लागतो. साहेब लोक त्यासाठी स्पिरिट ओतत, आमच्याकडे रॉकेलात बुडवलेला काकडा असे. भोक तुंबलं की पिन. विझवायचा म्हणजे हवा सोडायची. हवा सोडताना तो जो सुस्कारा टाकी, तसा सुस्कारा नंतर मी फक्त मार्चअखेर संपल्यावर आमच्या मॅनेजरांच्या तोंडून ऐकला.

हाच स्टोव्ह घेऊन अमुंडसेन १९११ साली दक्षिण ध्रुवावर गेला. १९५३ साली हिलरी-तेनसिंगच्या मोहिमेबरोबर हाच एव्हरेस्टवर चढला. आणि आमच्या आईने तोच घेऊन सांगलीतल्या दोन खोल्यांत बावीस वर्षं सहा माणसांचा स्वयंपाक केला. पहिल्या दोन्ही मोहिमांवर पुस्तकं आहेत.

आता माझ्यातला क्लार्क जागा झाला. स्टोव्हमुळे वेळ वाचतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बाबा तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "पाच मिनिटांत चहा होतो!" हे वाक्य नीट पाहा. चहा *होतो*. पाऊस होतो, संध्याकाळ होते, तसा आमच्याकडे चहा होत असे. त्यात कर्ता नव्हताच. मग वाचलेला वेळ गेला कुठे? चुलीपेक्षा रोजचा एक तास वाचला असं धरलं, तरी बावीस वर्षांचे आठ हजार तास होतात. एवढी रक्कम कुठल्या तरी खात्यात निघायलाच हवी!

मी आईच्या खात्यापासून सुरुवात केली. शिल्लक शून्य.

कारण असं, की आमच्या आजीच्या चुलीला एक अदृश्य फाटक होतं. चूल एकदा विझली की स्वयंपाकघर बंद. दुपारी तीन वाजता चहा हवा, असं म्हणायची आजोबांची प्राज्ञा नव्हती. म्हणजे पुन्हा लाकडं, पुन्हा फुंकणी, पुन्हा धूर, आणि धुरातून आजीचा चेहरा. स्टोव्ह आला आणि फाटक निघालं. बाबांचा दुसरा चहा आला, तिसरा आला, शेजारच्या काकांचा आला. 'तेवढं जरा गरम करून वाढ' हे वाक्य जन्माला आलं. शिवाय चुलीला वैल असायचा. पुढे भाकरी भाजत असताना मागे आमटी गपगार शिजत राही. स्टोव्हला तोंड एकच. भात उतरवा, आमटी चढवा, आमटी उतरवा, तवा चढवा, आणि मध्येच दाब कमी झाला की पंप मारा. म्हणजे एकेक पदार्थ लवकर व्हायला लागला आणि आई उठायची मात्र उशिरा.

आजीचं मत वेगळं होतं, हेही नोंदवलं पाहिजे. तिच्या डोळ्यांनी चाळीस वर्षं धूर खाल्ला होता. "तुमच्या पुण्याईने स्टोव्ह आलाय, नाकं कसली मुरडता?" असं ती आईला ऐकवी. ते खोटं नव्हतं. धूर गेला, ही जमा खरी. ती मी लाल शाईने खोडणार नाही.

पण हा हिशेब आमच्या एकट्या घरचा नव्हे. चूल सुधारायचं वेड गोऱ्या लोकांना आपल्या शंभर वर्षं आधी लागलं. जन्माने अमेरिकन, नोकरीने बव्हेरियाचा असा बेंजामिन टॉम्प्सन, म्हणजे काउंट रमफर्ड, याने १७९० च्या दशकात दाखवून दिलं की उघड्या जाळात बहुतेक सरपण फुकट जातं. त्याने जाळ विटांत बंद केला, प्रत्येक भांड्याला वेगळी जागा दिली, हवा कमीजास्त करायला झडपा बसवल्या. शास्त्रज्ञ लाव्वाझिएच्या विधवेशी त्याने १८०५ साली लग्न केलं. एकदा तिने बोलावलेले पाहुणे नको होते म्हणून या गृहस्थाने फाटकाला कुलूप लावलं. बाईंनी भिंतीवरून पाहुण्यांशी गप्पा मारल्या, मग आत जाऊन उकळतं पाणी आणलं आणि त्याच्या लाडक्या फुलझाडांवर ओतलं! उष्णता वाया जाऊ नये म्हणून ज्याने हयात घालवली त्याच्या घरी उष्णतेचा इतका पुरेपूर उपयोग झालेला दुसरा प्रसंग माझ्या वाचनात नाही.

पुढचे गृहस्थ फिलो स्टुअर्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ओबर्लिन नावाची वसाहत ज्यांनी वसवली त्यांच्यातले हे एक. १८३३ साली तिथल्या रहिवाशांनी करारच केला होता, की साधं अन्न खाऊ, आणि शक्यतो चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य. अशा या चहा नसलेल्या गावातून १८३४ साली स्टुअर्टने आपल्या लोखंडी स्टोव्हचं पेटंट घेतलं. पुढे लोखंडी स्टोव्ह अमेरिकेत घरोघर झाले. लाकूड कमी लागायला लागलं. आता लाकूड फोडत कोण होतं? पुरुष. तो सुटला. बाईचं काय झालं, हे रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात मांडलं आहे. जाळावर एका हंड्यात जे शिजे ते सगळे मुकाट्याने खात. स्टोव्हवर एका वेळी तीन-चार भांडी बसू लागली, तेव्हा ताटातही तीन-चार पदार्थ अपेक्षित झाले. वर लोखंड गंजू नये म्हणून स्टोव्हला काळं पॉलिश चोळायचं, ते कामही बाईकडेच. साध्या जेवणाच्या गावाने काढलेल्या स्टोव्हसारख्याच स्टोव्हांनी ताटं भरून टाकली! नावं ठेवायची तरी कुणाला? स्टुअर्ट बिचारा सज्जन. रमफर्डलाही गरिबांचं सरपण वाचवायचं होतं. आमचे बाबाही सज्जनच. खातं उघडणारे सगळे सज्जन, आणि तरी रक्कम भलत्याच नावावर जमा!

(आमच्या शाखेत संगणक आले तेव्हाही 'तुमचं काम हलकं होईल' असं सांगून पेढे वाटले होते. त्यानंतर मी साडेपाचला घरी पोचलोय असं एकदाच झालं. त्या दिवशी संगणक बंद होते.)

आणखी एक खातं उघडावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. विनोदी लेखकाने ते उघडू नये म्हणतात. पण माझ्या लहानपणी पेपरात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी दर आठवड्याला असे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आमच्या गल्लीतल्याच एका घरी एकदा ती बातमी झाली. स्टोव्ह फुटत नसत असं नाही. हवा जास्त झाली, निपल तुंबलं की धोका असेच. पण सासूच्या हातून, सासऱ्यांचं पाणी तापवताना, नवऱ्याचं दाढीचं पाणी करताना तो भडकल्याचं मी कधी वाचलं नाही. पितळेच्या त्या यंत्राला घरातली धाकटी सून बरोब्बर ओळखू येत होती. कायद्यालाही हे पटलं असावं. १९८३ साली कलम ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. स्टोव्हच्या खात्यावर माणसांनी काय काय खर्ची टाकलं, ते तपासायला इतकी वर्षं लागली. त्या वेळी आमची आई रोज संध्याकाळी स्टोव्ह पेटवण्याआधी पदर घट्ट खोचून घेई, आणि आम्हाला वाटे, ती कामाला लागली.

असो. तर मी हा सगळा ताळेबंद आईपुढे ठेवला. म्हटलं, "आई, खरं सांग. स्टोव्हमध्ये कुठली सुधारणा तुझ्या उपयोगाची झाली?"

"त्याचा आवाज," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. प्रायमस चालू असला की भुर्रर्र असा जो घोष चाले त्यात मागच्या खोलीतला रेडिओ ऐकू येत नसे. त्याचाच वैताग येऊन बाबांनी एका दिवाळीला तो बिनआवाजाचा बर्नर आणला होता. ज्योत अनेक भोकांतून शांतपणे बाहेर पडायची. बाबांना बातम्या ऐकू येऊ लागल्या. आजीला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येऊ लागलं. घरभर काय शांतता! पण तो बर्नर काही टिकला नाही. सारखा तुंबायचा. बाबा दोनदा सायकलवर घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले, मग कंटाळून त्यांनी जुनाच बर्नर परत चढवला आणि बातम्यांचा नाद सोडला.

"तुंबत नव्हता," आई म्हणाली. "मी त्या भोकांत कणीक भरायची."

सौ. हातातलं फडकं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"अगं पण का?"

"अरे, दोन खोल्या, सहा माणसं. स्टोव्ह भुरभुरायला लागला की मला कोणी हाक मारलेली ऐकू यायची नाही, आणि ऐकू आली तरी 'स्टोव्ह चालू होता' म्हणायची सोय होती. त्या आवाजात मी गाणी म्हणायची. माहेरी चार वर्षं शिकले होते, ते कुणाला सांगायचं? आणि तुझ्या आजीला उत्तरं द्यायची. समोर कधी एक शब्द बोलले नाही. पण स्टोव्हशी बसून एकदा वांग्याच्या भाजीवरून त्यांच्याशी अर्धा तास भांडले. अगदी मोठ्याने. त्या पलीकडच्या खोलीत जप करत होत्या."

"आणि बाबांना कळलं नाही?"

"नाही. दुरुस्तीवाल्याला कळलं. त्याने टोपी उघडून बघितली, कणीक काढली, ह्यांना म्हणाला, साहेब, माल हलका आहे." आईने सोललेले वाटाणे सारखे केले. "चांगला माणूस होता. मी त्याला पुढं दिवाळीचा फराळ पाठवायची. तुझ्याच हातून. आठवत नाही?"

मला आठवत होतं. फराळ का, हे मी कधी विचारलं नव्हतं. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली, आजीला तर पंचवीस.

सौ. एक शब्दही न बोलता आत गेली. स्टोव्हचा टेबललॅम्प करायचा बेत बहुधा रद्द झाला असावा, कारण संध्याकाळी तो चिंचेने लख्ख घासून कपाटावर ठेवलेला दिसला. त्यानंतर थोड्याच वेळात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, तो बराच वेळ चालला. मी बाहेर पेपर वाचत बसलो होतो. चटणी असेल, असं मला वाटलं.

रात्री जेवायला बसलो. ताटात चटणी नव्हती.