विणलेली बैठक आणि कामाची नीती

फ्रान्समधील ग्रामीण घरांतल्या जेवणाच्या जुन्या लाकडी खुर्च्या आता संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाल्या आहेत. त्यांची बैठक लव्हाळ्याच्या पिळांनी विणलेली असते. चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, बैठक तितकी टिकत नाही. म्हणून सुताराचे काम एकदा संपते, विणणाऱ्याला मात्र पुन्हा पुन्हा बोलवावे लागते. वरच्या आणि खालच्या विणीमधील पोकळीत तो तुटक्या लव्हाळ्याचे भरण ठासून घालतो. ते कोणालाही दिसत नाही. पण कमी पडले, तर पीळ दांडीच्या कडेवर घासून लवकर तुटतात.

हे न दिसणारे काम नीट का करावे? शार्ल पेगी या फ्रेंच लेखकाने 1913 मध्ये लिहिलेल्या ‘पैसा’ या निबंधात या प्रश्नाला हात घातला आहे. त्याची आई ओर्लेआं येथे खुर्च्या विणून संसार चालवीत असे. सुतारकाम करणारे वडील तो वर्षाचा होण्यापूर्वीच वारले होते. काम चांगले व्हावे ही त्या कामाचीच मागणी असते, मजुरी वा मालक यांच्याशी तिचा संबंध नाही, असे पेगीला आईच्या पिढीत दिसले. कॅथीड्रले उभारणारे हात आणि खुर्ची विणणारे हात त्याला एकाच वृत्तीचे वाटले.

भारतीय वाचकाला येथे निष्काम कर्म आठवणे साहजिक आहे, आणि नेमके येथेच सावध व्हायला हवे. मी ज्या जबलपुरात हे लिहीत आहे, तेथे विणकामाचा एक वेगळाच इतिहास आहे. विल्यम स्लीमनच्या मोहिमेत पकडलेल्या आणि माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी 1830च्या दशकात येथे उद्योगशाळा निघाली. पहाऱ्याखाली राहून ते व त्यांची मुले गालिचे आणि तंबू तयार करीत. त्या मालाला नावही मिळाले. म्हणजे चांगली वीण सक्तीतूनही निघू शकते. याच प्रदेशातील बांबूकाम करणारे बसोर किंवा मराठी मुलखातील बुरूड यांच्या हाती कसब होते, पण ते काम त्यांनी निवडले नव्हते. जन्माने ते त्यांच्यावर सोपवले होते. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी 1936 मध्येच दाखवून दिले.

तेव्हा कामाचा चांगुलपणा हा करणाऱ्याचा असतो. ज्या व्यवस्थेत ते काम झाले, तिची ग्वाही तो देत नाही. बसणाऱ्याने विणणाऱ्याच्या निरपेक्षतेची स्तुती करावी आणि त्याच स्तुतीच्या आधारे मजुरीचा प्रश्न टाळावा, हा व्यवहार मला अनीतीचा वाटतो. पेगीवर हा आरोप सरसकट करता येणार नाही. थोड्या मिळकतीत मानाने जगता येण्याचे दिवस संपले, आणि हा ऱ्हास आधी मध्यमवर्गाने घडवला, असे तो त्याच निबंधात संतापून सांगतो. त्याचे चाहते (आपल्याकडील श्रमप्रतिष्ठेचे वक्तेही त्याच जातकुळीचे) तेवढाच भाग गाळतात.

पेगीच्या आईचे नाव सेसिल केरे. मुलगा लेखक झाला म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. ठगांचीही नावे आणि वंशावळी स्लीमनच्या 1836च्या ग्रंथात सापडतात. ती उरली गुन्ह्यांमुळे.