वचन सांगण्याचा अधिकार

स्त्रीने मंडळीपुढे उभे राहून देवाचे वचन सांगावे की नाही, हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. कारध्याकडील एका सभेत हा विषय चालला असता एक वृद्ध उपदेशक म्हणाले, "बायबलबाई घरोघरी सांगतात तेवढे पुरे आहे; त्या स्वतः तरी अधिक कोठे मागतात?" ह्या बोलण्याचा शेवटचा भाग विचार करण्याजोगा आहे. जो मागत नाही, त्याचे आपण काही देणे लागतच नाही काय?

ह्या प्रश्नावर अमांडा स्मिथ ह्या कृष्णवर्णीय सुवार्तिक बाईंचे चरित्र मोठा प्रकाश पाडते. त्यांचा जन्म १८३७ साली अमेरिकेच्या मेरीलँड प्रांतात गुलामगिरीत झाला. त्यांच्या बापाने दिवसभर धन्याचे काम करून रात्री केरसुण्या व चटया केल्या, त्या विकल्या, आणि त्या पैशाने प्रथम स्वतःची व मग बायकामुलांची सुटका विकत घेतली. अमांडाबाईंस शाळा लाभली ती जेमतेम काही महिने. पुढे न्यूयॉर्क शहरात लोकांचे कपडे धुऊन त्यांनी पोट भरले. पाच लेकरांपैकी एकच मुलगी वाचली. अशा दुःखातून गेलेली ही बाई १८७० च्या सुमारास सभांतून उपदेश करू लागली, आणि काळे व गोरे दोन्ही लोक ऐकावयास येऊ लागले.

१८७२ साली त्यांच्याच आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाची मोठी परिषद नॅशव्हिल येथे भरली. ही बाई पाळकपदाची दीक्षा मागावयास आली असावी, अशी शंका घेऊन काही पाळकांनी कुरकूर केली. अमांडाबाईंनी दीक्षेची इच्छा नसल्याचे सांगितले. त्यांचे समाधान योहानाच्या १५ व्या अध्यायातील १६ व्या वचनावर होते. ज्याने निवडले त्यानेच नेमले, मग आणखी काय हवे? १८७९ साली त्या मुंबईस उतरल्या व सुमारे दोन वर्षे त्यांनी हिंदुस्थानात सेवा केली. पुढे आफ्रिकेत लायबेरियात त्यांनी सुमारे आठ वर्षे काढली. परत गेल्यावर शिकागोजवळ कृष्णवर्णीय अनाथ मुलांसाठी त्यांनी आश्रम काढला. १९१५ साली त्या प्रभूकडे गेल्या.

आता आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. जन्म ब्राह्मण कुळात, विद्या अशी की कलकत्त्याच्या विद्वानांनी पदवी देऊन सन्मान केला. तरी इंग्लंडात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात ह्याच बाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व विधवा वाचवून नेल्या. आपला भंडारा जिल्हा त्या वेळी त्याच प्रांतात होता. मग केडगावी बसून इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि १९२२ साली देह ठेवला.

एकीस अक्षरओळखही मोठ्या कष्टाने झाली, दुसरीस शास्त्रे मुखोद्गत. एक दासीची कन्या, दुसरी शास्त्र्यांची. अडथळा मात्र दोघींस सारखाच. यावरून दिसते की, अडविणाऱ्यांस विद्येची किंवा कुळाची उणीव खुपत नव्हती.

कोणी म्हणेल, पौलाने करिंथकरांस लिहिताना स्त्रियांस उगे राहावयास सांगितले आहे. खरे; पण त्याच पत्राच्या ११ व्या अध्यायात स्त्री प्रार्थना व संदेश देते हे तो गृहीत धरतो, आणि अपुल्लोसारख्या वक्त्यास प्रिस्किल्ला व अक्विला ह्या दोघांनी मार्ग अधिक नीट समजावून दिला. मंडळीत शिस्त हवी, वाटेल त्याने उठून बोलू नये, हेही मान्य. परंतु शिस्तीचे काम पाचारण पारखण्याचे आहे. शेतात पीक उभे असता, पेरणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून पीकच नाही असे कोणी म्हणत नाही.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. अमांडाबाईंनी दीक्षा मागितली नाही, हा त्यांचा सद्गुण होय. तो त्यांच्या मंडळीचा निर्दोषपणा नव्हे. धन्याने मजुरास मजुरी न देता "हा तर कधी मागत नाही" असे म्हटले, तर त्याचे ऋण फिटते काय? दुसऱ्याच्या नम्रतेवर आपला अन्याय झाकणे हे उघड अन्यायाहून अधिक वाईट, कारण त्यास भक्तीचे वस्त्र घातलेले असते. त्यांच्या पंथास हे उमगावयास फार काळ लागला; २००० साली त्याने व्हाश्टी मॅकेन्झी ह्या बाईंस बिशप केले. आपल्याकडेही १९७० साली नागपुरास स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज स्त्रिया पाळकपदाची दीक्षा घेतात.

परंतु कायदा बदलला म्हणून खेड्यातील मंडळी बदलतेच असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांस गावाच्या विहिरीवरून जन्मामुळे हाकलले गेले आहे. ज्यांनी तो अपमान भोगला, त्यांनीच देवाच्या घरात जन्मावरून कोणास मागे बसवावे, हे कसे शोभेल? म्हणून बंधूंनो, येत्या वडिलांच्या बैठकीत एवढे करावे: आपल्या बायबलबाईंस बोलवावे, त्यांचा पगार किती व कधी मिळतो हे विचारावे, आणि एका रविवारी त्यांस व्यासपीठावरून वचन सांगावयास विनवावे. त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.