भीड आणि एकमत

कचेऱ्यांतील माणसांना एकत्र निर्णय घेण्याची सवय लागावी म्हणून जे खेळ खेळवतात, त्यांतला एक मला मोठा नैतिक प्रश्न उभा करणारा वाटतो. चंद्रावर यान भलत्याच जागी उतरले आहे. मुख्य यान दोनशे मैल दूर. हाताशी पंधरा वस्तू. त्यांचा निकडीप्रमाणे क्रम लावायचा, आधी एकेकट्याने, मग सर्वांनी मिळून. 'नासा'च्या तज्ज्ञांच्या उत्तरात प्राणवायू पहिला, पाणी दुसरे आणि आगपेटी अगदी शेवटची; कारण जिथे हवा नाही तिथे काडी पेटायची कशी?

१९७० च्या सुमारास जे हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही गटांना खेळापूर्वी सूचना दिल्या: मतदान करू नका, सरासरी काढू नका, आणि केवळ वाद टळावा म्हणून आपले मत सोडू नका. अशा गटांची उत्तरे इतरांहून अधिक अचूक निघाली.

यातली शेवटची सूचना आपल्याला जड जाणारी आहे. वाद टाळणे हा आपण सद्गुण मानतो. वडीलधारा अध्यक्ष बोलला की माना डोलतात, ठराव 'एकमताने' मंजूर होतो, आणि खरी चर्चा जिन्यात सुरू होते, हे मी कितीतरी बैठकांत पाहिले आहे. भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. पण ही भीक पुष्कळदा भिडस्ताच्या नव्हे, दुसऱ्याच्याच पदरी पडते.

कोणी म्हणेल, मग प्रत्येकाने हट्टच धरावा काय? मुळीच नाही. पटले म्हणून मत बदलणे आणि अवघडले म्हणून बदलणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सत्याचा मान राहतो. दुसरीत केवळ माणसांचा.

परंतु बोलणाऱ्याने धीर केला म्हणजे भागते, असेही नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री 'चॅलेंजर' यानाच्या अग्निबाणांचे अभियंते स्पष्ट सांगत होते, की एवढ्या थंडीत सांध्यांतील रबरी कडी दगा देतील; उड्डाण नको. हा सल्ला 'नासा'च्या अधिकाऱ्यांना रुचला नाही. तेव्हा कंपनीच्या वरिष्ठांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून आपसांत कौल घेतला आणि होकार कळवला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले. सातही अंतराळवीर गेले. ज्या संस्थेच्या तज्ज्ञांच्या उत्तरावर तो खेळ तपासला जातो, तिच्याच दारी हे घडले.

म्हणून मला वाटते, बोलणे हे जसे कनिष्ठाचे कर्तव्य, तसे विरोधी मत शोधून, विचारून घेणे हे वरिष्ठाचे. आणि दुसरे अधिक मोठे, कारण अधिकार त्याच्या हाती असतो. त्या रात्रीच्या बैठकीत सातांपैकी एकही जण नव्हता. आपल्याही बहुतेक निर्णयांचे भोक्ते बैठकीत नसतात. आपण गप्प बसतो तेव्हा त्यांच्या वतीने गप्प बसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला असतो?