विचारांना भाव देऊ नका

अनेक साधकांची तक्रार असते : एरवी मन बरे असते, पण डोळे मिटून लक्ष हृदयाकडे वळवले की नको त्या विचारांची गर्दी होते. काही जण निराश होऊन ध्यानच सोडून देतात.

रायपूरच्या गोल बाजारातून जाताना दोन्ही बाजूंनी दुकानदार हाका मारतात. चालत राहिलो तर हाक मागे पडते. थांबून भाव विचारला की घासाघीस सुरू होते. ‘मला नको’ म्हणत वाद घातला, तरी थांबणे झालेच! विचार येणे हा दोष नाही. त्यात रमणे जसा अडथळा, तसेच त्याच्याशी भांडणेही.

गीतेच्या ६व्या अध्यायात अर्जुन म्हणतो, मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे. भगवंत हे नाकारत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. मन भटकल्याचे लक्षात येताच त्याला न रागावता हृदयाकडे परत आणणे, हा अभ्यास. विचाराला भाव न देणे, हे वैराग्य.

मन २० वेळा भटकले तर २० वेळा परत आणावे. हे परत आणणे म्हणजेच साधना. म्हणून उद्याची बैठक चुकवू नका.